खळ, सोलापूरच्या वस्त्रोद्योगातील
मागावरील ताण व घर्षण ताण्याच्या सुताला सोसता यावे म्हणून त्यावर दिला जाणारा पिष्टाचा लेप. पिष्ट हे तापमानानुसार रूप पालटणारे नैसर्गिक बहुवारिक होय. थंड पाण्यात ते विरघळत नाही; सु. ६०°–७०° से. तापमानाला त्याचे कण फुगून चिकट खळ बनते व निवल्यावर ती थिजते. हातमाग विणकर पसरलेल्या ताण्यावर ती कुंच्याने लावीत. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली. गिरण्यांत हे काम यंत्रांकडे गेले व खळ वाफेने गरम राखण्यात येऊ लागली. ही गिरणी नंतर बंद पडली. पुढे यंत्रमागांचे महत्त्व वाढले. खळ कच्ची राहिल्यास सूत तुटते, माग थांबतो आणि कामावार मजुरी घेणाऱ्या विणकराची कमाई बुडते. टॉवेलातील खळ मात्र शेवटी धुऊन काढतात. अन्यथा तो पाणी नीट शोषत नाही.