मागे उमटलेली बोट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र डोंगरांत खोल शिरला आहे. पूल होण्यापूर्वी मोटारीने जाणाऱ्यांना वाटेत फेरीबोटीची वाट पाहावीच लागे. बॅलाहूलिशची बोट तर पाहण्याजोगी! मोटारी कडेने चढत आणि खलाशी फिरता डेक हातांनी वळवीत.

१९६५ साली सुपर एट फिल्म आली आणि हौशी चित्रणाला आणखी बहर आला. एक रीळ जेमतेम सव्वातीन मिनिटांचे, बहुधा मुके. टिपायची होती घरची मुले. बोट आपसूक मागे उमटली.

पुढे १९७५ मध्ये बॅलाहूलिशला, १९८४ मध्ये कायलस्कूला आणि १९९५ मध्ये स्काय बेटाकडे पूल झाले. आज अभ्यासक या रिळांत मुलांमागची ती बोटच शोधतात. १९७६ मध्ये सुरू झालेल्या स्कॉटिश फिल्म आर्काइव्हने अशी घरगुती रिळेही जपली. आता तो ठेवा तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

मात्र कपाटात पडून राहिलेली फिल्म आंबूस वास सोडत खराब होते, आणि अशा रिळाची बहुधा दुसरी प्रत नसते. बॅलाहूलिशची १९६९ ची एक बोट ग्लेनेल्गला उन्हाळ्यात अजून चालते. बोट दुरुस्त होते, मंडळी; विरलेले चित्र परत येत नाही.