धानाचे घरचे बियाणे: अलील वारंवारिता कशी काढावी?

नागभीड तालुक्यातील (जि. चंद्रपूर) नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये पटेल 3 धानातील वेगळ्या लोंब्या निवडून 'एचएमटी' वाण विकसित केला. मात्र वेगळी झाडे न पाहताच बियाणे ठेवले, तर चांगला वाणही बिघडतो. भेसळ किती मुरली आहे, हे अलील वारंवारितेवरून कळते. अलील म्हणजे जनुकाचे पर्यायी रूप. प्रत्येक झाडात जनुकाच्या दोन प्रती असतात.

सूत्र
वारंवारिता = (2 × शुद्ध झाडे + संकर झाडे) ÷ (2 × एकूण झाडे)

नमुना हिशेब
ठेंगण्या वाणाच्या बांधीत नागमोडी चालत 200 झाडे तपासली. 8 उंच निघाली. उंची एका जनुकाने ठरते व उंच अलील प्रभावी आहे, असे धरा. शुद्ध व संकर झाडे सारखीच दिसतात. म्हणून या 8 झाडांचे बियाणे पुढील हंगामात स्वतंत्र ओळींत लावा. ओळीत किमान 20 झाडे ठेवा. 6 ओळी पूर्ण उंच आणि 2 मिश्र निघाल्यास:
(12 + 2) ÷ 400 = 0.035, म्हणजे 3.5 टक्के.

हे टाळा
हार्डी-वाइनबर्ग सूत्राने येथे 13-14 संकर झाडे येतील. प्रत्यक्षात 2 आहेत. ते सूत्र मुक्त परागीभवनाचे आहे. धान स्वपरागित असल्याने संकर झाडांचे प्रमाण दर पिढीत निम्मे होते.

काय करावे?
बियाण्याच्या बांधीतील उंच झाडे दिसताच मुळासकट उपटा. अप्रभावी अलील संकर झाडांत लपते. म्हणून तपासणी दर हंगामात करा. प्रमाणित बियाण्याच्या शेतात भेसळ झाडांची मर्यादा 0.20 टक्के आहे.