दोन विजय, सात पराभव : वेस्ट पॉइंटचा 1951 चा हंगाम

मागच्या व्याख्यानात आपण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतली महाविद्यालयं पाहिली. आज त्यातल्याच एका संस्थेच्या एका हंगामाविषयी बोलू. विषय खेळाचा आहे, पण खेळाचे नियम आज फारसे लागणार नाहीत. अमेरिकन फुटबॉल हा पायापेक्षा हातांनी जास्त खेळला जातो आणि त्यात धक्काबुक्की भरपूर असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठी वेस्ट पॉइंट ही अमेरिकी लष्कराची अकादमी आहे. तिथल्या संघाला ‘आर्मी’ म्हणतात. प्रशिक्षक होते अर्ल ब्लेक. 1944, 1945 आणि 1946 या तीन हंगामांत हा संघ एकही सामना हरला नाही; फक्त नोत्र दामविरुद्धचा एक सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. 1950 मध्येही शेवटच्या सामन्यापर्यंत ते अजिंक्यच होते. शेवटी नेव्हीने त्यांना 14-2 असं हरवलं, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं.

आणि पुढच्याच वर्षी? नऊ सामने, दोन विजय, सात पराभव. असं काय झालं?

त्याचं उत्तर मैदानावर नाही, परीक्षेच्या वर्गात आहे. वेस्ट पॉइंटची सन्मानसंहिता सांगते की कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही. आणि यापुढचं कलम सगळ्यात अवघड : असं करणाऱ्याला तो पाठीशीही घालणार नाही. म्हणजे मित्राने कॉपी केली हे तुम्हाला ठाऊक असून तुम्ही गप्प बसलात, तर तुम्हीही दोषी.

आता व्यवस्था कशी होती बघा. कॅडेटांच्या दोन रेजिमेंट होत्या. एकीची चाचणी आज, तर दुसरीची उद्या, आणि प्रश्न बहुधा तेच. आपल्याकडे ‘पेपर फुटला’ म्हणतात, तसा इथे तो फोडायची गरजच नव्हती. आज परीक्षा दिलेल्याने उद्या देणाऱ्याला प्रश्न सांगितले की काम झालं. संस्थेने मुलांच्या शब्दावर विश्वास टाकला होता. या विश्वासाला तडा गेला, तो बराचसा फुटबॉल संघाच्या आसपास. सराव, प्रवास आणि त्यावर कडक अभ्यासक्रम. आधी अभ्यासात मदत, मग प्रश्नांची देवाणघेवाण. यातली सीमा कधी ओलांडली गेली ते कळलंही नसेल.

1951 च्या ऑगस्टमध्ये सुमारे 90 कॅडेटांना काढून टाकत असल्याचं जाहीर झालं. त्यात 37 फुटबॉलपटू होते. त्यांतला एक होता बॉब ब्लेक, प्रशिक्षकांचा स्वतःचा मुलगा. नामवंत न्यायाधीश लर्नेड हँड यांच्यासह तिघांच्या मंडळाने प्रकरण तपासलं आणि निर्णय कायम राहिला.

तो काळ ध्यानात घ्या. कोरियात युद्ध चालू होतं. 1949 च्या संघाचा कर्णधार जॉन ट्रेंट 1950 मध्ये तिथेच मारला गेला होता. उद्या ज्यांच्या शब्दावर सैनिक प्राण पणाला लावणार, त्यांचा शब्द खरा असायलाच हवा, ही संस्थेची बाजू. ब्लेक मात्र मुलांच्या पाठीशी उभे राहिले. चूक झाली, पण ही मुलं नीतिभ्रष्ट नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय ज्यांनी चौकशीत खरं सांगितलं ते गेले, मग खोटं बोलून सुटलेल्यांचं काय, हा प्रश्नही उरलाच.

ब्लेक राजीनामा देण्याच्या बेतात होते. सल्ला घ्यायला गेले ते जनरल मॅकार्थर यांच्याकडे. मॅकार्थर पूर्वी याच अकादमीचे प्रमुख होते, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना पदावरून दूर केलं होतं. त्यांनी सांगितलं : टीकेचा मारा चालू असताना जागा सोडू नका. ब्लेक राहिले.

मग सुरू झाला तो हंगाम. उरलेली मुलं नवखी होती. व्हिलानोव्हाने पहिल्याच सामन्यात 21-7 असं हरवलं. हार्वर्डकडून 22-21, पेनकडून 7-6, म्हणजे एकेका गुणाने हार. कोलंबिया आणि सिटाडेल यांच्याविरुद्ध जिंकले, तेवढाच दिलासा. शेवटी नेव्हीने 42-7 असा धुव्वा उडवला. या संघाच्या सहायक प्रशिक्षकांत एक होते व्हिन्स लोम्बार्डी. पुढे सुपर बोलच्या करंडकाला ज्यांचं नाव मिळालं, तेच.

1953 मध्ये आर्मी सात जिंकून, एक हरून, एक बरोबरीत सोडवून पुन्हा उभी राहिली, आणि नेव्हीलाही 20-7 असं हरवलं. म्हणून काहीजण याला ‘शेवट गोड’ म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. काढलेली मुलं परत आली नाहीत.

तरीही त्या 2-7 ला आम्ही नुसतं अपयश म्हणणार नाही. संस्थेने आपला नियम आपल्याच लाडक्या संघाला लावला आणि त्याची किंमत चारचौघांत मोजली. पण त्याच संस्थेने तोच पेपर दोन दिवस वापरला होता, हेही विसरायचं नाही. नियम मोडणाऱ्याला शिक्षा झाली. मोह समोर ठेवणाऱ्या व्यवस्थेची जबाबदारी कोणाची? आणि मित्रासाठी गप्प बसलेला मुलगा आपण कुठे बसवायचा? यावर तुमचं मत काय, ते प्रश्नोत्तरांत ऐकायला आवडेल.