विकणे आहे!

मेदिना देल कांपोच्या मोठ्या चौकाजवळ मी उभा होतो. समोर एका घराचा तळमजला. गंजलेले शटर, धुळीने आंधळी झालेली काच आणि तिच्यावर दोनच शब्द, 'से वेंदे', म्हणजे 'विकणे आहे'. परमुलखातल्या बंद दुकानाशी माझे काय देणेघेणे? पण त्याच वर्षी पुण्यात आमच्या काकांचे भांड्यांचे दुकान पगडी घेऊन दुसऱ्याच्या हाती गेले होते. पाय तिथून निघेना.

स्पेनच्या वायादोलिद प्रांतातले हे गाव पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपभरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. मे आणि ऑक्टोबरात येथे जत्रा भरे. जत्रा म्हणताच पाळणे नि रेवड्या डोळ्यांपुढे आणू नका. येथे लोकर आणि कापड विके, आणि त्याहून मोठा व्यवहार चाले तो हुंड्यांचा. सिमोन रुइझ (१५२५–१५९७) या येथल्या सावकाराची हजारो व्यापारी पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. मालागणिक गल्ली वेगळी. मेक्सिकोची अफाट मंडई पाहून बर्नाल दीआस या शिपायाला आठवण झाली ती आपल्या या जन्मगावाची, आणि ती याच कारणाने. आमची तांबट आळी, बोहरी आळी पाहून तो मुळीच बुजला नसता!

पण मला या गावाचे खरे कौतुक आहे ते १५२० सालचे. राजाविरुद्ध कोमुनेरोंचे बंड पेटले होते. येथल्या तोफा सेगोवियावर डागण्यासाठी राजाच्या सरदारांना हव्या होत्या. गावकऱ्यांनी साफ नकार दिला. २१ ऑगस्टला फौजेने गावाला आग लावली, ती अशासाठी की दुकाने वाचवायला लोक धावतील आणि तोफा मोकळ्या सापडतील. कोणी हलले नाही. सान फ्रान्सिस्कोच्या मठात व्यापाऱ्यांनी साठवलेला मालही जळाला. तोफा मात्र मिळाल्या नाहीत. दुकानदार म्हणजे नफ्याचा धनी, असे आपण सहज म्हणून जातो.

गाव पुन्हा उभे राहिले. पुढे राजाचेच दिवाळे निघाले, १५५७ साली आणि पुन्हा १५७५ साली, आणि हुंड्यांचा बाजार बसला तो बसलाच.

विसाव्या शतकातली गोष्ट आपल्या ओळखीची आहे. १९२० पासून स्पेनमध्ये भाडेकरूला सहजी काढता येईना. जुने भाडे जागच्या जागी राही आणि दुकान सोडताना नव्या माणसाकडून रक्कम घेण्याची चाल होती. तिला 'त्रासपासो' म्हणतात. मालकाचाही त्यात वाटा. आपली पगडीच की! मुंबईत १९४७ च्या कायद्याखाली ती चोरीछुपे चाले. १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. स्पेनने मात्र उलट दिशा धरली. १९९४ च्या कायद्याने जुन्या करारांना मुदत घातली. एकट्या दुकानदाराला बहुधा निवृत्तीपर्यंत, पुष्कळशा कंपन्यांना वीस वर्षे. २०१४ संपताच गावोगावची कित्येक जुनी दुकाने उठली.

कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला मी विचारले. म्हणाला, बाई म्हातारी झाली, मुले माद्रिदला, कोण बसणार गल्ल्यावर?

दारावरची अक्षरे काढून नेली होती, पण उन्हात न रापलेल्या भिंतीवर ती अजून वाचता येत होती: 'तेहीदोस', कापड.

काकांच्या दुकानाची पाटी आमच्या माळ्यावर आहे.