पीजे: खानदेशची अडीच फुटी गाडी आणि वारसा ठरवण्याचा अधिकार

१/ माथेरानची गाडी सर्वांना ठाऊक असते. जळगाव जिल्ह्यातील पाचोरा-जामनेर गाडी मात्र खानदेशाबाहेर फारशी कोणाला माहीत नाही. स्थानिक लोक तिला नुसते ‘पीजे’ म्हणत. मार्ग सुमारे ५६ किलोमीटरचा, रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट.

२/ या गाडीचे मूळ कापसात आहे. १८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग खानदेशातून गेला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले. खानदेशची काळी जमीन या व्यापारात कायमची ओढली गेली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण रूळ राहिले.

३/ मुख्य मार्गापासून दूर असलेल्या गावांचा माल मात्र बैलगाडीनेच येई. १९०० मध्ये चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला, तो रुंदमापी. जामनेरच्या वाट्याला पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आली ती अरुंदमापी गाडी. १९१९ पर्यंत ती जामनेरला पोहोचली.

४/ अरुंद का? हलके रूळ, कमी भराव, लहान पूल, तीव्र वळणे, सारेच स्वस्त. पण या स्वस्ताईची किंमत पाचोऱ्यात मोजावी लागे. मोठ्या मार्गाचे माप साडेपाच फूट, त्यामुळे लहान वाघिणीतला माल उतरवून मोठ्या वाघिणीत पुन्हा भरणे भाग होते. कंपनीची बचत अशी हमालांच्या पाठीवर उभी होती. आरंभीच्या या रेल्वेचे गोडवे गाताना हे विसरले जाते.

५/ वाटेत शेंदुर्णी लागते, त्रिविक्रमाचे गाव. कार्तिकातल्या यात्रेला येणाऱ्यांसाठी ही गाडी म्हणजे वारीचाच एक भाग. पुढे पहूरला वाघूर नदी भेटते. अजिंठ्याची लेणी ज्या घळीत कोरली आहेत, ती घळ याच नदीची. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती लेणी पडली १८१९ मध्ये. जामनेरची गाडी सुरू झाली त्याच्या शंभर वर्षांनी. लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात, पहूर ब्रिटिश पूर्व खानदेशात.

६/ गाडी बंद पडण्याच्या काही वर्षे आधी एका रविवारी आम्ही सहकुटुंब तिने गेलो होतो. सोबत वडिलांचे एक जुने स्नेही होते. वरखेडीहून पाचोऱ्याच्या शाळेत ते याच गाडीने जात. मुलांना दोन-अडीच तासांचा तो संथ प्रवास म्हणजे खेळ वाटत होता. काका मात्र खिडकीतून शेतांकडे पाहत एकेका वळणाचा हिशेब सांगत होते: इथे गाडी हळू होते, इथे भाजीवाल्या चढत, इथे पावसाळ्यात हमखास उशीर. मुलांनी विचारले, “ही टॉय ट्रेन आहे का?” काका हसले. “अरे, आमची शिक्षणाची गाडी होती ती!”

७/ वादाचा मुद्दा हाच आहे, असे मला वाटते. माथेरानची गाडी १९०७ची, मुळातच थंड हवेच्या ठिकाणी जाण्यासाठी बांधलेली. दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका-शिमला (२००८) या युनेस्कोच्या यादीतल्या गाड्याही डोंगरावरच्याच. बोगदे, दऱ्या, उंच पूल हे वारशाचे निकष होतात. सपाट मुलखातून विद्यार्थी, शेतकरी आणि कापूस वाहणारी गाडी त्या निकषांत बसत नाही. अभियांत्रिकीचा चमत्कार जपायचा आणि रोजच्या वापराचा इतिहास मोडीत काढायचा, ही निवड मला एकांगी वाटते.

८/ मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, तशी पीजेही थांबली. इतर गाड्या सुरू झाल्या. ही झाली नाही. पुढे हा मार्ग रुंदमापी करून बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प मंजूर झाला. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. जामनेरच्या माणसाला थेट मुख्य मार्गाशी जोडणारी गाडी हवीच, आणि आठवणींखातर त्याने संथ प्रवास करावा, ही अपेक्षा शहरी हौसेची आहे.

९/ मात्र एखादे स्थानक, एखादा डबा, रुळांचा एक तुकडा जागेवर राखणे अशक्य नाही. आणि कागद तर आपणच राखू शकतो. पाचोरा, शेंदुर्णी, पहूर, जामनेर परिसरातील कोणाच्या घरी पीजेचे जुने तिकीट, पास किंवा छायाचित्र असेल, तर वर्ष आणि स्थानकाचे नाव लिहून या धाग्याखाली जोडावे.