लाव्हा लॅम्प नेमका कुणाचा?

मागच्या रविवारी माझ्या भाचीने मला चांगलंच तोंडघशी पाडलं. आजचा भाग त्यातूनच निघालाय.

सातवीत आहे ती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला लाव्हा लॅम्प करायचा होता. मी म्हटलं, सोपं आहे. काचेचा उंच ग्लास घेतला. पाव ग्लास पाणी, त्यात खायचा लाल रंग आणि वर जवळजवळ काठापर्यंत गोडेतेल. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर राहतं, आणि रंग तेलात विरघळत नाही, म्हणून तो खालीच थांबतो. मग अर्धा चमचा ईनो टाकलं. पावडर तेलातून खाली गेली, पाण्याला भिडली आणि फसफसली. लाल थेंब वर निघाले, पृष्ठभागाशी फुटले, परत खाली आले. मी खूश!

भाची बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, पण यात लॅम्प कुठाय?"

बरोबर होतं तिचं. आमच्या ग्लासात ना दिवा होता, ना उष्णता. ईनोमधला सोडा आणि सायट्रिक ॲसिड पाण्यात भेटले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याचे बुडबुडे पाण्याच्या थेंबांना वर ओढतात, वर गॅस उडून जातो आणि थेंब खाली पडतात. दोन-तीन मिनिटांत ईनो संपलं की खेळ खलास. (ग्लासला झाकण मात्र कधीच लावायचं नाही. गॅसला वाट हवी.)

खऱ्या दिव्याची गंमत वेगळी आहे. त्यात मेण असतं, आणि थंड असताना ते भोवतालच्या पाण्यापेक्षा अगदी किंचित जड असतं. खालचा बल्ब तापला की मेण वितळतं, प्रसरण पावतं, किंचित हलकं होतं आणि वर जातं. वर थंड झालं की परत खाली. सगळा खेळ त्या "किंचित"चा आहे. मेण थोडं जास्त जड झालं तर तळाशी बसून राहणार, थोडं जास्त हलकं झालं तर वर तरंगत राहणार. हा तोल साधायला वर्षं गेली.

आता भाचीला चार्टवर "शोध कोणी लावला" हा रकाना भरायचा होता. तिने मोबाइलवर शोधलं आणि एक नाव लिहून टाकलं: एडवर्ड क्रेव्हन वॉकर. इंग्लंडचा माणूस, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला. १९६३ साली पूल या गावातल्या क्रेस्टवर्थ या आपल्या कंपनीतर्फे त्याने "अ‍ॅस्ट्रो" दिवा बाजारात आणला.

पण थांबा. वॉकरला ही कल्पना सुचली कुठे? एका पबमध्ये. तिथे शेगडीवर एक घरगुती वस्तू ठेवलेली होती: कॉकटेल शेकरमध्ये एकमेकांत न मिसळणारे द्रव भरलेले. चक्क अंडं उकडायचं घड्याळ! गोळा वर आला की अंडं झालं. ते बनवणारा होता डोनाल्ड डनेट. वॉकरने चौकशी केली तेव्हा तो हयात नव्हता. मग वॉकरने प्रयोग सुरू केले. संत्र्याच्या सरबताच्या बाटल्याही त्याने त्यासाठी वापरल्या. आणि मेणाचं ते अवघड रसायन? त्यासाठी डेव्हिड जॉर्ज स्मिथ नावाचा माणूस कामाला लावला होता. अमेरिकेत १९६८ साली मिळालेल्या पेटंटवर संशोधक म्हणून नाव स्मिथचं आहे.

म्हणजे कल्पना डनेटची, रसायन स्मिथचं, आणि दिवा ओळखला जातो वॉकरच्या नावाने. मला वॉकरचा राग येत नाही. त्या वस्तूत दिवाणखान्याची शोभा दिसली ती त्यालाच, बाकीच्यांना नुसतं अंडं दिसत होतं. पण डनेटचं नाव किती जणांनी ऐकलंय?

सत्तरच्या दशकात फॅशन ओसरली आणि विक्री पडली. नव्वदीत दिवा परत आला. १९९२ साली कंपनीचं नाव मॅथमॉस झालं, तेही 'बार्बारेला' या १९६८ च्या सिनेमातून उचललेलं. आणि तुमच्या हातातल्या फोनशीही त्याचा संबंध आहे बरं का! सॅन फ्रान्सिस्कोत क्लाउडफ्लेअर कंपनीच्या ऑफिसात सुमारे शंभर लाव्हा लॅम्प भिंतीवर मांडलेत. कॅमेरा त्यांचे फोटो घेत राहतो. मेणाचा पुढचा आकार कुणीच सांगू शकत नाही, म्हणून त्या फोटोंतून निघालेले आकडे इंटरनेटवरच्या गुप्त किल्ल्या बनवायला वापरतात.

हे सगळं ऐकून भाचीने लगेच विचारलं, मग आपण मेण घालून बाटली गॅसवर ठेवायची का? नाही! विकतचा दिवाही शेगडीवर तापवायचा नाही. बंद बाटली फुटते, आणि अशाने अमेरिकेत २००४ साली एका तरुणाचा जीव गेलाय. आपला ईनोचाच बरा.

चार्टवर आता तीन नावं आहेत. रकाना एका नावापुरताच होता, म्हणून डनेट आणि स्मिथ समासात बारीक अक्षरांत बसलेत. तेल गाळून बाटलीत भरून ठेवलंय, प्रदर्शनाच्या दिवशी परत लागेल. भेटू पुढच्या भागात!