यंत्राच्या पोटातील यंत्र

नवी कार्यपद्धती चालू कामावर एकदम लादावी, की कोठेतरी बाजूला आधी चालवून पाहावी, हा वाद गिरण्यांइतकाच जुना आहे. कॉम्प्युटरच्या जगात ह्या वादाला जे उत्तर मिळाले ते मोठे विलक्षण आहे. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी दुसरे यंत्र विकत आणावयाचे नाही. असलेल्या यंत्राच्या पोटातच एक आभासी यंत्र उभे करावयाचे आणि नवी सिस्टिम त्यात सोडावयाची. ती कोसळली तर तेवढे आभासी यंत्र कोसळते. बाकीचे काम चालूच राहते. आज एखादा विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर विंडोजच्या आत लिनक्स चालवून पाहतो, तेव्हा तो हेच करीत असतो. ही युक्ती कोणी, कोठे आणि कोणत्या अडचणीत सापडून काढली, हे आम्हांस सांगावयाचे आहे. यंत्रांचा इतिहास आपण बहुधा विक्रेत्यांच्या तोंडून ऐकतो, आणि विक्रेते अडचणी सांगत नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा मुकादम. कोणत्या कामाला किती वेळ, किती जागा, कोणती डिस्क, हे तो ठरवितो. १९६० च्या सुमारास हा मुकादम फार साधा होता. पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यावयाचा आणि उत्तरासाठी काही तास, कित्येकदा दुसऱ्या दिवसापर्यंत, थांबावयाचे. उत्तरात एक स्वल्पविराम चुकल्याचे कळले की पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग. यंत्र महाग आणि माणूस स्वस्त, असा तो हिशेब होता. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये हा हिशेब उलटा करून दाखविला. एकाच यंत्राचा वेळ बारीक बारीक तुकड्यांत वाटून अनेकांना एकाच वेळी आपापल्या टंकयंत्रासमोर बसून काम करता येते, हे त्यांच्या सीटीएसएस ह्या प्रणालीने सिद्ध केले.

आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही नवी यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा एमआयटीच्या मंडळींना तीत वेळवाटपाची सोय पुरेशी दिसली नाही. त्यांनी पुढच्या कामासाठी जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र निवडले. हा घाव वर्मी लागला. कंपनीने घाईघाईने मॉडेल ६७ हे यंत्र आणि टीएसएस ही त्याची अधिकृत सिस्टिम जाहीर केली. तिच्यावर माणसे पुष्कळ लावली, पैसा पुष्कळ ओतला. ती उशिरा आली, सावकाश चालली, आणि अखेर कंपनीनेच ती गुंडाळली.

खरे काम झाले ते दुसरीकडे. एमआयटीच्याच शेजारी केंब्रिज गावात आयबीएमचे एक छोटे शास्त्रीय केंद्र नॉर्मन रासमुसेन ह्यांनी १९६४ मध्ये उघडले होते. तेथे रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि मूठभर माणसे होती. क्रीझी सीटीएसएसवर काम करून आलेले. त्यांना मॉडेल ६७ तर मिळाले नव्हते, म्हणून त्यांनी मॉडेल ४० हे लहान यंत्र घेतले, त्यात खास जोडकाम करून घेतले आणि सीपी-४० नावाची प्रणाली रचली. जानेवारी १९६७ पासून ती रोजच्या वापरात आली. तिने एका यंत्राची चौदा यंत्रे केली, आणि प्रत्येकाला वाटे की २५६ हजार अक्षरांची स्मृती असलेले सबंध यंत्र आपल्या एकट्याचेच आहे.

१९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात विणकराकडे दोनाऐवजी तीन साचे देण्याचा वाद होता, हे श्रोत्यांपैकी कित्येकांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. केंब्रिजला त्याच्या उलट झाले: साचा एक, आणि चौदा विणकर त्यावर एकाच वेळी, एकमेकांचा धक्का न लागता.

हे घडते कसे? ३६० मालिकेच्या यंत्रांत आज्ञांचे दोन वर्ग होते. बेरीज-वजाबाकीच्या साध्या आज्ञा कोणीही द्याव्यात. पण डिस्क चालविणे, स्मृतीची कुलपे बदलणे अशा हक्काच्या आज्ञा फक्त मुकादमाने द्याव्यात. दुसऱ्या कोणी तशी आज्ञा दिली तर यंत्र तेथेच थांबून मुकादमाला हाक मारी. केंब्रिजच्या मंडळींनी जुन्या मुकादमाला साध्या कामगाराच्या जागी बसविले आणि त्याच्यावर एक नवा मुकादम नेमला. जुना मुकादम आपल्या सवयीने हुकूम सोडतो, यंत्र थबकते, वरचा मुकादम तो हुकूम वाचून त्याच्यापुरते तसे घडल्याचा देखावा करतो आणि काम पुढे चालू होते. खालच्याला आपला अधिकार गेल्याचा पत्ताच लागत नाही. कचेऱ्यांतही असले मुकादम आम्ही पाहिलेले आहेत.

ह्याच कल्पनेचे मॉडेल ६७ वरील रूप म्हणजे सीपी-६७. टीएसएसला कंटाळलेल्या लिंकन प्रयोगशाळेने ते १९६७ मध्येच उचलले. पुढे ह्या युक्तीचा सर्वांत धाडसी उपयोग झाला. आयबीएमचे ३७० मालिकेचे आभासी-स्मृतीवाले यंत्र अजून हाती यावयाचे होते. त्यासाठीची सिस्टिम मात्र लिहावयास हवी होती. तेव्हा सीपी-६७ मध्ये फेरफार करून, जुन्या यंत्राच्या आत अजून न जन्मलेले यंत्र उभे केले गेले. अडचण एवढीच की केंब्रिजच्या यंत्रावर बाहेरचे विद्यार्थीही काम करीत, आणि नव्या यंत्राची बातमी फुटता कामा नये. म्हणून सीपी-६७ च्या आत आणखी एक सीपी-६७, आणि त्याच्या आत ते गुप्त यंत्र, अशी पेटीत पेटी ठेवली. २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० जाहीर झाले ते ह्या पूर्वतयारीच्या जोरावर. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग ह्यांनी कोणत्या यंत्रावर ही युक्ती साधेल ह्याची गणिती अट मांडली: नाजूक आज्ञा एकूण एक हक्काच्या असल्या पाहिजेत.

नंतर लहान यंत्रे स्वस्त झाली, ज्याला त्याला स्वतःचे मिळाले, आणि विषय मागे पडला. घराघरांत गेलेल्या इंटेलच्या चिपमध्ये तर ही अट पाळलीच नव्हती. २००० साली पेंटियममध्ये अशा सतरा आज्ञा मोजल्या गेल्या, ज्या नाजूक असूनही मुकादमाला हाक मारीत नाहीत. तरी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने पुढच्याच वर्षी त्या चिपवर आभासी यंत्र विकावयास काढले. त्या आज्ञा चालण्यापूर्वीच वाचून बदलून टाकावयाच्या, ही तिची तोड. चिपमध्येच दुरुस्ती व्हावयास २००५ आणि २००६ ही साले उजाडली.

आयुर्विमा महामंडळातील कर्मचारी १९६० च्या दशकात कॉम्प्युटरविरुद्ध लढले, १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकीकरणाचा करार केला. ह्या साऱ्या वाटाघाटींचा भर जागा किती जातील ह्यावर राहिला, आणि तो रास्तच होता. पण नवी सिस्टिम कोणाच्या जिवावर तपासली जाणार, हा प्रश्न टेबलावर क्वचितच येतो. आमच्या माहितीतील एका कारखान्यात पगाराची सिस्टिम एका पहिल्या तारखेला एकदम बदलली. पगारपत्रके निघाली, आकडे सुबक छापलेले, आणि रात्रपाळीचा भत्ता कोणाच्याच नावे नाही. जुनी सिस्टिम त्याच दिवशी पुसून टाकलेली. भत्ता हाती पडेपर्यंत दोन महिने गेले. ज्यांनी वाण्याकडे उधारी केली त्यांना कोणी व्याज दिले नाही. जुनी आणि नवी सिस्टिम एकाच यंत्रात शेजारी शेजारी चालविता येते, हे तेव्हा चाळीस वर्षांचे जुने ज्ञान होते.

अर्थात आभासी यंत्राला करारातील कलमे कळत नाहीत. खरी हजेरी त्यातून चालवून माणसाने आकडे ताडून पाहावे लागतात. त्या कारखान्याच्या पुढच्या करारात मागील तीन महिन्यांचे मस्टर नव्या सिस्टिमवर आधी अशा रीतीने चालवून फरक संघटनेच्या प्रतिनिधीसमोर तपासावेत, असे कलम आले. मालकांनी ते फारशी खळखळ न करता मान्य केले. सारी दुपार गेली ती त्या प्रतिनिधीला तपासणीच्या दिवसांची भरपगारी रजा द्यावी की नाही ह्या वादात.